दम

सायकल घेऊन कांजूरमार्गच्या गांधीनगर जंक्शनला आलं की ठरवावं लागतं : एलबीएसवरून सरळ भांडुप-मुलुंड-ठाणे, की जेव्हीएलआरवर वळून पवई? माझं उत्तर कायम एकच असायचं. ठाणे गाठायचं आणि येऊरचा चढ मारायचा. चढावर उतरून चालणाऱ्यांकडे मी जरा हसूनच बघायचो.

गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. काही महिन्यांनी डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली आणि बाबांनी माझी जुनी सायकल पुसून काढली. सुरुवातीचे रविवार पहाटे फक्त मुलुंडपर्यंत. सपाट रस्ता, तिथे चहा, परत घरी. मग पवई तलाव मागे टाकून आरे. तिथला रस्ता लाटांसारखा, छोटा चढ, छोटा उतार, दोन्हीकडे झाडं. दम लागतो, पण लगेच उतारही मिळतो.

एका चढावर मी सवयीने पुढे निघून गेलो. वरून मागे बघितलं तर बाबा दिसेनात. छातीत धस्स झालं. उलटा फिरलो. ते सायकल हातात धरून निवांत चालत येत होते.

"घाबरलास? बोलताना धाप लागली की उतरायचं, असं डॉक्टरांनीच सांगितलंय."

मीही उतरलो. वरपर्यंत आम्ही गप्पा मारत चाललो.

आता कुणी रूट विचारला तर सांगतो : नवखे असाल तर मुलुंड, सवय झाली की आरे, पाय तयार झाले की येऊर. आणि सोबत कुणी असेल, तर त्याच्या दमाने निवडा.