रिव्हॉल्व्हरचं म्यान

मराठी माणसाने रिव्हॉल्व्हरच्या होल्स्टरवर लिहावं म्हणजे जरा अतीच झालं, असं वाटणाऱ्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. पण टेक्सासात राहून हा विषय टाळणार तरी किती दिवस? एच-१बी वर असताना प्रश्नच नव्हता. त्या व्हिसावर (शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर) फेडरल कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही. ग्रीन कार्ड आलं की ही आडकाठी जाते. शिवाय १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवायही ती जवळ ठेवता येते.

घ्यावी की नाही हा वाद आमच्या घरात सहा महिने चालला. तो इथे नको. घेतली. अट एकच, आमच्या हिची: "घरात चार वर्षांची पोर आहे. ती वस्तू एकतर तुझ्या अंगावर, नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नाही."

झालं! अख्खं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट तीन वाक्यांत. आमच्या क्लायंट लोकांनी हिच्याकडे क्लास लावावा.

ही तिसरी जागा म्हणजे पर्स, कारचा कप्पा, सोफ्याची उशी. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्यातून सुटलेल्या गोळीने आई गेली. पर्स खास पिस्तुलासाठी बनवलेली होती, वेगळा कप्पा वगैरे. म्हणजे मुद्दा सोयीच्या कप्प्याचा नाही, वस्तू अंगापासून सुटण्याचा आहे. आणि अंगापासून ती सुटते कधी? टोचायला लागली की! म्हणून होल्स्टर आरामशीर असणं ही चैन नाही, सेफ्टी फीचर आहे.

आता वस्तू. स्मिथ अँड वेसनचं ६४२: पाच गोळ्या, .३८ स्पेशल, दोन इंचांहून किंचित कमी नळी. गोळ्या भरून वजन अर्ध्या किलोच्या आसपास. घोडा आत झाकलेला, त्यामुळे शर्टात अडकत नाही. अडचण एकच, मधलं गोल सिलेंडर. पिस्तूल चपटं असतं, रिव्हॉल्व्हरला पोट असतं. (मालकालाही असतं, मग दोन पोटांची मारामारी.)

मित्रांकडची होल्स्टर्स रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर लावून पाहिली. (रिकामं आहे ना, हे दोनदा तपासून.) निष्कर्ष असे:

खिशातलं: हलकं, झटपट. पण त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ल्या नाहीत, सुट्टे पैसे नाहीत. आणि बसल्यावर हात आत जाता जात नाही.

घोट्यावरचं: गाडीत बसून बरं. चालताना मात्र एका पायात बेडी घातल्यासारखं वाटतं.

पाठीच्या मधोमध: नावच नको. घसरून पडलो तर लोखंड थेट मणक्यावर.

पँटच्या आत, उजव्या कुशीच्या जरा मागे: इथे जमलं. मूठ किंचित पुढे झुकलेली असली की बसताना बरगडीत घुसत नाही. पट्टा मात्र जाड, ताठ हवा. ऑफिसचा नाजूक पट्टा वजनाने लोंबतो आणि मग दिवसभर पँट सावरत बसा.

कातडं की कायडेक्स? कायडेक्स म्हणजे उष्णता देऊन साच्यात बसवलेलं कडक प्लास्टिक. घाम पीत नाही, आकार सोडत नाही. कातडं अंगाला मऊ, पण नवीन असताना कोल्हापुरीसारखं चावतं. चार दिवस सोसलं की आपलं होतं. मी कातडं घेतलं, तोंडाशी कडक पट्टी असलेलं. ती नसेल तर रिव्हॉल्व्हर काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटतं आणि परत ठेवताना दुमडलेलं कातडं चापात अडकू शकतं. चाप पूर्ण झाकलेला हवा, ह्या एका बाबतीत आरामाशी तडजोड नाही.

शेवटचा मुद्दा क्लिपचा. ऑफिसात शस्त्रबंदी आहे, तेव्हा कामाच्या दिवशी ते घरच्या तिजोरीतच असतं. शनिवार-रविवारी घरी आल्यावर क्लिप सोडली की होल्स्टरसकट रिव्हॉल्व्हर तिजोरीत जातं. नुसतं रिव्हॉल्व्हर हाताळावं लागत नाही, चाप उघडा पडत नाही.

विकत घेण्याआधी एक टेस्ट केस जरूर चालवा. रिकाम्या रिव्हॉल्व्हरसह ते लावून अख्खा शनिवार घरात काढा: जेवा, वाका, बुटाची नाडी बांधा, जमिनीवर बसून पोरीबरोबर ठोकळे रचा. आमची पोर धावत येऊन मिठी मारते ती नेमकी कमरेच्या उंचीवर. त्या धक्क्याने वस्तू जागची हलली तर होल्स्टर नापास. मग ते कितीही मऊ असो.