दस्तुरीच्या वाटेवरचे प्लॅटिनम

माथेरानहून उतरलेला माणूस नेरळच्या फलाटावर लगेच ओळखू येतो. बूट, पँटचे काठ, बॅगेचा तळ, सगळे तांबडे. धुतले तरी झाक राहतेच. ही जांभ्याची माती, आणि तिचा रंग म्हणजे लोखंडाने धरून ठेवलेला ऑक्सिजन. काळ्या कातळातले लोखंड युगानुयुगे पावसात उघडे पडत गेले, हवेतला ऑक्सिजन त्याने धरला, तो आजतागायत सोडलेला नाही. 1907 साली सुरू झालेल्या छोट्या गाडीच्या रुळांचीही तीच गत. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद पडली की त्यांची चकाकी बघता बघता जाते.

सोन्याचा स्वभाव अगदी उलटा. सराफाच्या काचेमागची बांगडी ऑक्सिजनला दारातही उभे करत नाही. म्हणून ती झळाळते, आणि म्हणूनच, खरे सांगायचे तर, मोटारीचा धूर निवळण्याच्या कामाला ती निरुपयोगी.

मला कुतूहल आहे ते मधल्या धातूचे. स्टेशनबाहेरच्या टॅक्सीच्या पोटाखाली प्लॅटिनम रोज घाट चढते, हे टॅक्सीतल्या कुणाच्या गावीही नसते. धुराच्या नळीत एक पोलादी डबा, त्यात सिरॅमिकची वीट. विटेला आरपार बारीक चौकोनी भोके, आणि भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे कण. सगळा धातू मिळून जेमतेम काही ग्रॅम. मुंबईसह चार महानगरांत 1 एप्रिल 1995 पासून नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला, आणि त्याच्यासोबत शिसेविरहित पेट्रोलही आले. यायलाच हवे होते, कारण शिसे या धातूवर एकदा बसले की उठायचे नाव घेत नाही.

त्या कणांवर जे चालते ते कळायला नेरळचा टॅक्सीस्टँड पुरतो. टॅक्सी भरायला लागली की एकटे-दुकटे प्रवासी मिळेल तिथे बसतात. मग एक जोडपे येते, त्याला शेजारशेजारच्या दोन जागा हव्या असतात. जागा शिल्लक असतात, पण एक पुढे आणि एक पार मागे. जोडपे खालीच राहते. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड हा तसा एकटा प्रवासी, ऑक्सिजनचा रेणू म्हणजे जोडपे. धातू थंड असताना कार्बन मोनॉक्साइड सगळा पृष्ठभाग अडवून बसतो. तापला की त्यातले काही उठून जातात, लगतच्या जागा मोकळ्या होतात आणि ऑक्सिजन आत शिरतो. टॅक्सीतल्या जोडप्याच्या नशिबी नसलेली गोष्ट मात्र इथे घडते. बसताक्षणी ही जोडी तुटते. सुटा झालेला अणू शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडला चिकटतो आणि दोघे कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. जागा पुन्हा रिकामी.

शेजारी कुणी मिळालेच नाही, तर ऑक्सिजनचे अणू वाट पाहत बसून राहतात. निर्वातात प्लॅटिनम 400 अंशांच्या वर तापवले की ते पुन्हा आपसांत जोड्या जमवून उडून जातात. उलट उणे 150 अंशांखाली ऑक्सिजनची जोडी न तुटता अखंड पडून राहते. बर्लिनच्या गेऱ्हार्ड एर्टल यांनी असल्या पृष्ठभागांवर आयुष्य घातले. प्लॅटिनमवर ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे पट्टे गोल गोल फिरत सरकताना त्यांनी पाहिले. छोट्या गाडीची शंभरी भरली, त्याच 2007 साली त्यांना नोबेल मिळाले.

डब्यात आणखी एक भिडू असतो, सिरियम ऑक्साइड. चढणीला ड्रायव्हर पाय दाबतो तेव्हा पेट्रोल जास्त जाते आणि धुरात ऑक्सिजन कमी पडतो. मग सिरियम आपल्याजवळचा ऑक्सिजन काढून देतो. उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की आजच्या इंजिनात पेट्रोल तुटते, नळीतून नुसती हवा वाहते आणि सिरियमची झोळी पुन्हा भरते. चढताना खर्च, उतरताना जमा.

पण हे सारे डबा अडीचशे-तीनशे अंश तापल्यावर. घाट चढून दस्तुरी नाक्याला, माथेरानच्या वेशीवर, पोचणारी टॅक्सी चांगली तापलेली असते. पुढे माथेरानात मोटारींना बंदीच आहे. सकाळची पहिली टॅक्सी नेरळात थंडगार सुरू होते आणि तिचा न निवळलेला धूर स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्यांच्या वाट्याला येतो. माथेरानच्या स्वच्छ हवेचे कौतुक ऐकताना नेरळकर जरा तिरकस हसतो, ते उगीच नाही.