परसातली डोणी आणि काकांचा कॅमेरा

कोल्हापूरहून निघून आंबा घाट उतरला, की साखरप्यापाशी हवा दमट होते. तिथून देवरुख फार दूर नाही. काकांच्या घरामागे पोफळी, पपई आणि एक जुनी दगडी डोणी आहे. चैत्रात आजूबाजूचे वहाळ आटले, की तिच्या काठावर पाखरांची वर्दळ सुरू होते.

काका 78 वर्षांचे. 6 वर्षांपासून त्यांना कंपवात आहे. गेल्या दिवाळीत बुलबुलाचा फोटो घेण्यासाठी परसात उतरताना ते उंबरठ्याला अडखळून पडले. कॅमेरा कपाटात ठेवा, असे तेव्हा मीच काकूंना बजावले. डॉक्टर म्हणून मला तो सल्ला निर्विवाद वाटला होता. यंदा गेले, तेव्हा काका कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून होते. "पडत नाहीत गं आता," काकू म्हणाल्या, "पण बोलतही नाहीत."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा मीच बाहेर काढला. हातांची जड खुर्ची स्वयंपाकघराच्या मागल्या खिडकीशी ओढली, खिडकीच्या कट्ट्यावर उशी ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा टेकवला. पाखरे हालचालीला बुजतात. आत अंधारात स्वस्थ बसलेल्या माणसाची त्यांना फारशी पर्वा नसते. कंपवाताचा कंप बहुधा हात निवांत असताना अधिक दिसतो आणि हाताला काम दिले की पुष्कळदा ओसरतो. हे मी कित्येक रुग्णांना सांगितले आहे. घरात मात्र मला ते आठवले नव्हते. मांडीवर थरथरणारा काकांचा उजवा हात बटणावर गेला आणि बराचसा निवला. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवल्यामुळे उरलेली थरथरही फोटोत फारशी उमटेना. वेळ काकूंनी ठरवली: सकाळच्या गोळीनंतर पाऊण तासाने, अंग मोकळे असते तेव्हा.

आधी आले शिपाई बुलबुल, पपईच्या फोडीवरून भांडत. मग दयाळाने पोफळीवरून लांब शीळ घातली. तिसऱ्या दिवशी पाचोळ्यातली पाने चोचीने उलटत नारिंगी कस्तूर डोणीपाशी आला. डोके आणि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी, पांढऱ्या गालावर दोन गडद उभे पट्टे. काकांनी 22 फोटो काढले. 20 हुकले. उरलेल्यांपैकी एक दाखवीत ते म्हणाले, "चोच ओली आहे, बघ."

घरी असे करणाऱ्यांनी डोणीतले पाणी रोज बदलावे आणि ती घासावी. डेंग्यूचा डास बहुधा साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. फळ नासण्याआधी उचलावे, फरसाण मुळीच घालू नये. फ्लॅटच्या गॅलरीत कबुतरांना दाणे टाकणे हा मात्र याला पर्याय नव्हे. त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा करते, आणि पुण्यपुण्य म्हणत दाणे टाकणाऱ्या माझ्या रुग्णांना हे पटवताना माझा घसा कोरडा पडतो.

काका खिडकीशी बसत, तेवढा वेळ काकूंना मोकळा मिळू लागला. पहिल्या दिवशी त्याचे काय करावे हेच त्यांना सुचेना. अखेर त्या माजघरात पंख्याखाली आडव्या झाल्या आणि गाढ झोपल्या. काकांनी कॅमेऱ्यावरून नजर न हलवता, मधले दार हलकेच लोटून घे, अशी मला खूण केली.