पुढें पाठविण्यापूर्वीं

आमच्या शाळेच्या या वार्षिकाचें शेवटचें पान सहसा कोणी वाचीत नाहीं. तेथें बारीक अक्षरांत मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव असतें. मीही विद्यार्थी असतांना त्याकडे कधीं लक्ष दिलें नाहीं. तो एक कोरडा उपचार आहे, असेंच मला वाटे. २०१८ सालीं घडलेल्या एका गोष्टीनें माझें हें मत पालटलें. ती गोष्ट सांगतांना मला आजही संकोच वाटतो. परंतु जी चूक आपण केली ती मुलांपासून लपवून त्यांस उपदेश करणें शिक्षकास शोभत नाहीं.

आमच्याकडे वडगांवचीं मुलें येतात, तशींच नाणे मावळ व आंदर मावळांतील खेड्यांतूनही येतात. कोणी लोकलनें, कोणी पायीं. त्यामुळें मूल घरीं पोंचेपर्यंत पालकांच्या जिवास घोर असतो. त्या वर्षीं जूनमध्यें शाळा नुकतीच सुरू झाली होती. एके सायंकाळीं माझ्या मोबाइलवर निरोप आला कीं, मुलें पळविणारी टोळी या बाजूस आली आहे, सर्वांनीं सावध असावें. तो कोणीं लिहिला, कोणत्या गांवाविषयीं, कोणत्या दिवसाचा, कशाचाच त्यांत पत्ता नव्हता. तरी मीं तो माझ्या वर्गाच्या पालकांस पाठविला आणि खालीं ‘कृपया काळजी घ्यावी’ असे आपले तीन शब्द जोडले. एक कर्तव्य पार पाडलें, अशा समाधानांत मी निजलों.

दुसऱ्या दिवशीं शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकापाशीं गलका ऐकूं आला. घोंगड्या विकणारा एक म्हातारा पालकांच्या व तरुण मंडळींच्या घोळक्यांत सांपडला होता. कोणी त्याचें मनगट धरलें होतें; कोणी त्याचें गाठोडें सोडून घोंगड्या चिखलांत पसरीत होता. त्यानें एका मुलाला वाट विचारली, एवढाच त्याचा अपराध. इतक्यांत आमचे वृद्ध शिपाई धांवत आले. ‘अरे, हा दरसाल पावसाळ्याच्या तोंडीं येतो ! माझ्या घरांतली घोंगडी याच्याच हातची आहे,’ असें त्यांनीं ओरडून सांगितलें, तेव्हां ते हात सुटले.

मी एका पालकांस रागानें म्हणालों, ‘अहो, थोडी शहानिशा तरी करायची !’

ते ओशाळून म्हणाले, ‘सर, तुम्हींच तर पाठविलें होतें. तुमचें नांव पाहिल्यावर आणखी कसली शहानिशा करायची ?’

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. म्हातारा कांहीं न बोलतां चिखल झटकून घड्या घालीत होता. मीं मदतीस हात लावला, तो त्यानें हळूच बाजूला सारला. खोट्या साक्षीविषयींची आज्ञा मी लहानपणापासून पाठ म्हणत आलों. पण ती साक्ष बोटाच्या एका दाबानेंही देतां येते, हें मला त्या दिवशीं कळलें.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १ जुलै २०१८ रोजीं, धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं अशाच अफवेपायीं जमावानें पांच निरपराध माणसांस ठार मारलें. बाजाराचा दिवस होता. तीं माणसें नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचीं. भिक्षेसाठीं फिरत तीं मंगळवेढ्याकडून तेथें आलीं होतीं. ती बातमी वाचून मी सुन्न झालों. आमच्या फाटकापाशीं जमाव लहान होता आणि ओळख देणारा वेळेवर आला. दोहोंमध्यें अंतर काय तें एवढेंच.

त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं निरोप पुढें पाठवितां येऊं नये, अशी मर्यादा घालण्याचें ठरविलें. एप्रिल २०२० मध्यें, पुष्कळदां फिरून आलेल्या निरोपास ती एकाच ठिकाणापुरती आणली. उपाय चांगला आहे. पण त्यानें अफवेचा वेग कमी होतो, तिचा खोटेपणा उघड होत नाहीं. हे निरोप असे कुलूपबंद असतात कीं, कंपनीसही ते वाचतां येत नाहींत. २०२१ च्या सरकारी नियमांनीं मोठ्या कंपन्यांवर, अधिकृत आदेश आल्यास निरोपाचा मूळ कर्ता शोधून देण्याचें बंधन घातलें, तेव्हां व्हॉट्सॲपनें दिल्लीच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली. एकास शोधण्यासाठीं सर्वांच्या खासगी बोलण्याचें कुलूप मोडावें लागेल, असें तिचें म्हणणें. गुन्हेगार सांपडावा हेंही खरें, आणि आपलीं पत्रें परक्यानें वाचूं नयेत हेंही खरें.

मग कायदाच अधिक कडक कां करूं नये, असें पुष्कळ पालक विचारतात. त्यांस मी पालघरची हकीकत सांगतों. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयीं एका तरुणीनें फेसबुकवर आपलें मत लिहिलें व तिच्या मैत्रिणीनें त्यास नुसती पसंतीची खूण केली. दोघींसही अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम इतकें मोघम होतें कीं, कोणास त्रासदायक वाटलेलें बोलणेंही त्यांत गुन्हा ठरूं शके. पुढें श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनें अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केलें. राईनपाड्यास कायदा उशिरां पोंचला. पालघरास तो नको तितक्या त्वरेनें पोंचला.

अशा वेळीं मला १८८२ सालची एक गोष्ट आठवते. कोल्हापूरच्या महाराजांस त्यांचे दिवाण माधवराव बर्वे छळतात, अशा अर्थाचीं पत्रें ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांच्या हातीं आलीं व त्यांच्या आधारें लेख प्रसिद्ध झाले. पत्रें बनावट निघालीं. आगरकर व टिळक यांचा हेतु शुद्ध होता. त्यांनीं माफीही मागितली. तरी त्यांस चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. शुद्ध हेतु माझाही होता. मात्र त्यांच्या कागदावर त्यांचें नांव होतें, त्याचा जाब त्यांस द्यावा लागला, व तो त्यांनीं दिला. माझा जाब कोणीं विचारला ? घोंगडीवाल्याचें नुकसान झालें. मला मात्र त्याच महिन्यांत पगार वेळेवर मिळाला.

छापील पुस्तकावर व वर्तमानपत्रावर मुद्रकाचें नांव असावें, असा नियम आपल्याकडे १८६७ च्या कायद्यानें घातला. सरकारनें तो आपल्या सोयीसाठीं घातला असेल. पण त्यांतून लिहिणाऱ्यास एक संवय लागली. छापण्यापूर्वीं तो क्षणभर थांबे. मोबाइलनें आपणां सर्वांच्या हातीं छापखाना दिला. तें थांबणें मात्र दिलें नाहीं. कंपनी निरोपांची संख्या मोजील, कायदा मागाहून शिक्षा करील. परंतु पाठविण्यापूर्वींचा तो एक क्षण आपल्याच हातीं असतो.

म्हणून, मुलांनो, मीं स्वतःस एक नियम घालून घेतला आहे. कोणताही निरोप पुढें पाठविण्यापूर्वीं मी तो मोठ्यानें वाचतों व शेवटीं ‘हें मी सांगतों’ असें म्हणून आपलें नांव घेतों. जीभ अडखळली तर निरोप तेथेंच राहतो. तुमचीं आजी-आजोबा अशी एखादी बातमी तुम्हांस दाखवितील, तेव्हां त्यांस हंसूं नका. शेजारीं बसून ही कोणीं, कोठून व केव्हां सांगितली, एवढें शोधून पाहा.

तो घोंगडीवाला पुन्हा आला नाहीं. दर जूनमध्यें पहिला पाऊस पडला कीं, शाळा सुटतांना मी फाटकापाशीं जाऊन उभा राहतों. आमचे शिपाई आतां सेवानिवृत्त झाले आहेत. पण त्याचा चेहरा मला पक्का आठवतो. तो आलाच तर ओळख द्यावयास कोणीतरी तेथें असावें.