चार्जर कोणत्या जिल्ह्याचा?

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी साडेतीनला भाचीचा फोन. "मामा, तुमच्या वडनेरपर्यंत पोहोचतो की नाही माहीत नाही. बारा टक्के राहिलेत."

नाशिकहून शेगावला दर्शनाला निघालेली मंडळी. जावयांनी हौसेने इलेक्ट्रिक गाडी घेतलेली. जळगाव सोडताना बॅटरी निम्म्यावर होती, पण पुढे जिल्ह्याची हद्द यायच्या आधी एक चार्जर आहे असं मोबाईल सांगत होता. तिथे गेले तर मशीन बंद. विचारायला माणूस नाही, पाटीवरचा नंबर लागत नाही. मलकापुरात दुसरा सापडला, तर त्याचं अ‍ॅप वेगळं. आधी नोंदणी करा, मग पैसे भरा, आणि ओटीपी काही येईना. शेवटी एसी बंद करून निघाले. मे महिन्यातलं आपलं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. तीन वर्षांची नात घामाने निथळलेली, दोनदा उलटी झालेली. दारात गाडी आली तेव्हा पाच टक्के उरले होते.

कूलरच्या पंधरा अँपियरच्या प्लगवर गाडी लावली. म्हणजे कूलर बंद. थोड्या वेळाने शेजारचे काका आले. "भाऊ, काय लावलं हो हे? आमचा पंखा त नुसता रडून राह्यला." रात्री दोनला लाईट गेली, ती पहाटे आली. दर्शन एक दिवस पुढे ढकललं.

सकाळी मी डोकं शांत ठेवून बातमी केली. हायवेवरचे चार्जर बंद, प्रवाशांचे हाल, वगैरे. डेस्कवरून फोन आला, "तो बंद चार्जर हद्दीच्या पलीकडचा आहे ना? मग ती जळगावची बातमी. तिकडचा माणूस देईल." तिकडच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "गाडी अडकली तुमच्याकडे, बातमी तुमचीच." बातमी कुठेच आली नाही. बावीस वर्षं याच धंद्यात आहे, पदविका घेतली तेव्हापासून 'आपला जिल्हा, आपलं पान' हेच शिकलो. त्यामुळे दोष फक्त सरकारी कचेऱ्यांना देता येत नाही.

जरा नकाशा डोळ्यासमोर आणा. जुना सहा नंबर, आताचा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरकडे आलात की जिल्हा बदलतो. नुसता जिल्हा नाही, महसूल विभागही बदलतो, तिकडे नाशिक, इकडे अमरावती. महावितरणचं परिमंडळ बदलतं, तिकडे जळगाव, इकडे अकोला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर ही दोन राज्यांची हद्द होती, आपण मध्य प्रदेशात होतो. रस्ता मात्र एकच.

नियम नाहीत असं नाही. हायवेच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन आणि लांब पल्ल्याच्या व जड वाहनांसाठी दर १०० किलोमीटरला जलद चार्जिंग, हे केंद्राने डिसेंबर २०१८ मध्येच सांगितलं. स्टेशन काढायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हेही त्याच वर्षी स्पष्ट झालं. राज्याच्या २०२५ च्या धोरणातही तेच २५ किलोमीटर आहेत. पण हे २५ मोजायचे कुठून? एकाने आपल्या शेवटच्या गावापर्यंत मोजले, दुसऱ्याने आपल्या पहिल्या शहरापासून मोजले, तर कागदावर दोघंही बरोबर. मधला तुकडा कोणाच्याच कागदावर नाही. आणि मशीन उभं आहे, एवढ्यावर मोजणीत ते धरलं जात असेल, तर ते चालतं की नाही हे कोण बघणार?

याच रस्त्यावर अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीज बुकात नोंद झाली. म्हणजे मनात आणलं तर होतं.

अमेरिकेत २०१७ मध्ये पश्चिमेकडच्या आठ राज्यांनी करार केला. चार्जर कुठे बसवायचे ते एकमेकांशी बोलून ठरवायचं, सोयींचे किमान निकष सारखे ठेवायचे. युरोपात एप्रिल २०२४ पासून नियम आहे की नव्या जलद चार्जरवर नोंदणी न करता कार्डने पैसे भरता आले पाहिजेत. आपल्याकडे चहावाल्याच्या क्यूआरवर कोणत्याही बँकेचे पैसे जातात, मग चार्जरलाच दहा अ‍ॅप कशाला?

आणि इतकं लांब कशाला जायचं? आपली एसटी बघा. मलकापूर आगाराची गाडी जळगावला जाते, तिकडची इकडे येते. हद्द आली म्हणून कंडक्टर प्रवासी उतरवत नाही. दोन विभाग बसून वेळापत्रक ठरवतात, झालं. चार्जरचं असं वेळापत्रक जळगाव आणि बुलढाण्याच्या कलेक्टर कचेऱ्यांनी एका टेबलावर बसून का करू नये? मुक्ताईनगर ते खामगाव, कोणता चार्जर चालू, कोणता बंद, दुरुस्तीला कोणाला फोन करायचा. एवढी एक यादी दर आठवड्याला निघाली तरी पुष्कळ.

हे मला एरवी सुचलं नसतं. पण आमच्या स्टँडवरचा एक टॅक्सीवाला दोन महिन्यांपासून विचारतोय. पेशंट घेऊन कधी जळगाव, कधी अकोला, हाच त्याचा धंदा. "भाऊ, डिझेलनं त मारून टाकलं. इलेक्ट्रिक घेऊ का? लोन मंजूर हाय." मी म्हणालो, घे ना. तो म्हणाला, "अन् रस्त्यात पेशंटसकट बंद पडली त?" मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

तिकडच्या पत्रकार मित्राला पुन्हा फोन केलाय. येत्या रविवारी तो मुक्ताईनगरहून निघतो, मी खामगावहून. दोघंही प्रत्येक चार्जरवर थांबून फोटो काढणार, चालू-बंद लिहिणार आणि हद्दीवरच्या एखाद्या धाब्यावर भेटणार. यादी इथेच टाकतो, दोन्ही कलेक्टरांनाही देतो. माझी मोटरसायकल पेट्रोलची आहे, हेही आधीच सांगून टाकतो.