रेषेच्या आत

मुलांनो, मोबाइलवरचा सापाचा खेळ तुम्ही खेळला असाल. १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनवर तो आला. त्यात साप भिंतीला धडकला, की डाव संपे. ही भिंत हवीच कशाला, असे तुम्हांला वाटेल. लहानपणी मलाही तसेच वाटले होते.

सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी हे माझे गाव. तेथे आम्ही राखेने रेषा आखून कबड्डी खेळत असू. माझा धाकटा भाऊ लहानखुरा होता. पण चढाई करणाऱ्याला कोपऱ्यात गाठून तो हमखास पकडत असे. एकदा रेषेबाहेर पाय पडल्याने मी बाद झालो. रागाने मी बाजूच्या रेषा पुसून टाकल्या. मग काय! मी लांबून वळसा घालून परत येई. कोणालाच सापडेना.

धापा टाकत भाऊ म्हणाला, "दादा, आता तुला कुठे पकडू?"

मी मुकाट्याने घरातून राख आणली.

सापाच्या खेळातही तसेच आहे. साप वाढतो, जागा मात्र तेवढीच राहते. म्हणून तर प्रत्येक वळणाला विचार करावा लागतो. सीमा बलवानाला अडवते, तशी दुबळ्याला संधीही देते. मित्रांनो, उद्या मैदान आखाल, तेव्हा तुमच्यातल्या सर्वांत लहान गड्याला आधी विचारा, "रेषा कुठे आखू?"