मोगऱ्याची माती

मोगऱ्याचे झुडूप घराघरांत हौसेने लावले जाते. परंतु ते ज्या मातीत लावावयाचे तिचा विचार सहसा मागे राहतो. आपण व्यापारी माणसे. धान्य मुठीत घेऊन पाहिल्याशिवाय, दाणा दाताखाली धरून ओल तपासल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. मातीची पारख मात्र आपण माळ्यावर सोपवून मोकळे होतो.

जैन कुटुंबात हा प्रश्न केवळ बागकामाचा राहत नाही. षट्कायांमध्ये पहिले नाव पृथ्वीकायाचे आहे. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून त्याला मर्यादा घालून दिलेली आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांमध्ये प्रमादचर्या सांगितली आहे. निष्कारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे हे सारे तिच्यात येते.

आमच्या सोलापूरच्या घरी मोगरा लावावयाचे ठरले, तेव्हा बारा व्रते पाळणाऱ्या माझ्या सासूबाईंनी विरोध केला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "अगं, जमीन एकदाच उकरून भागेल, असं काही करता येईल का?"

हा प्रश्न मला बागकामाच्या पुस्तकी सल्ल्यापेक्षा अधिक उपयोगी पडला. अयोग्य मातीत लावलेले झुडूप खुरटते. मग ते उपटावे लागते, नवा खड्डा घ्यावा लागतो, रोगट पानांवर औषध फवारावे लागते. प्रत्येक वेळी नवी हिंसा. आरंभीच माती नीट पारखली, तर हे पुढचे सारे टळते.

आमच्याकडची जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पाणी धरून ठेवणे हा तिचा गुण ज्वारीला तारतो. मोगऱ्याच्या मुळांना मात्र साचलेले पाणी सोसत नाही. शिवाय अशा जमिनीत पुष्कळदा चुनखडी असते. मूठभर कोरड्या मातीवर लिंबाचा रस टाकावा; बुडबुडे आले की चुना आहे असे समजावे. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मोगऱ्याला सामू साधारण ६.५ ते ७.५ असलेली, निचऱ्याची माती मानवते. म्हणूनच काळ्या जमिनीत चुलीची राख घालू नये. राखेने सामू आणखी वाढतो.

दुसरी परीक्षा बाटलीची. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती घ्यावी, वर पाणी भरून जोराने हलवावे व बाटली स्थिर ठेवावी. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी बसते, पोयटा काही तासांत, आणि चिकणमाती खाली बसायला दिवसभर किंवा त्याहूनही अधिक वेळ घेते. थरांची जाडी पाहिली की माती भारी की हलकी हे डोळ्यांना दिसते.

आमची माती भारी निघाली. तेव्हा दीड फूट खोल खड्डा घेण्याऐवजी आम्ही जमिनीवर फूटभर उंचीचा वाफा विटांनी बांधला. तळाची जमीन केवळ वीतभर मोकळी केली. उंच वाफ्यातून पाण्याचा निचरा होतो आणि खणणेही कमी होते. परंतु वाफा भरावयाची माती कोठून आणावयाची? दुसऱ्याच्या शेतातून खणून आणली, तर ती हिंसा आपल्या खात्यातून काढून दुसऱ्याच्या खात्यावर लिहिल्यासारखे होते. जवळच एका घराचा पाया खणला जात होता; तेथे निघालेल्या मातीपैकी वरच्या थरातील तांबूस माती मागून आणली. खालचा मुरूम आणि सिमेंट मिसळलेला भाग घेतला नाही. दोन भाग ही माती, एक भाग जाड वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले खत असे मिश्रण केले.

खताच्या बाबतीत श्रावकाने पिशवीवरचा मजकूर वाचावा. फुलझाडांसाठी हाडांचा चुरा सर्रास विकला जातो, आणि काही तयार मिश्रणांत तो आधीच घातलेला असतो. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. कच्चे शेणखतही टाळावे. त्यात हुमणीच्या अळ्या असतात आणि मग त्या मारण्याचा सल्ला मिळतो. निंबोळी पेंड निरुपद्रवी समजली जाते. पण किड्यांची वाढ रोखणे हे तिचेही कार्य आहे, हे जाणून ती वापरावी की नाही हे ठरवावे. आम्ही वापरली नाही.

हे सारे काम फाल्गुनात केले. ओली माती जीवजंतूंनी भरलेली असते. कोरड्या दिवसांत वरच्या थरात त्यांचा वावर कमी असतो आणि गांडुळे खोल गेलेली असतात. वाफा तीन महिने बसू दिला. पहिल्या सरींनंतर, चातुर्मास लागण्यापूर्वी रोप लावले व वर वाळल्या पानांचे दोन बोटे आच्छादन पसरले. त्यामुळे पाणी कमी लागते आणि खुरपणीही वाचते.

माती सूक्ष्म जीवांनी भरलेली आहे असे विज्ञान सांगते. शास्त्र त्याहून वेगळी गोष्ट सांगते : पृथ्वी हेच जीवाचे शरीर आहे. एका विधानाने दुसरे सिद्ध करण्याची घाई करू नये. परंतु दोहोंतून श्रावकाला मिळणारी सूचना एकच आहे : हात जपून घालावा.

मोगऱ्याला आता चैत्रापासून फुले येतात. ती प्रभूला वाहावीत की झुडपावरच राहू द्यावीत, हे ज्याने त्याने आपल्या आम्नायाप्रमाणे ठरवावे. आमच्या घरी ती झुडपावरच राहतात. वाफ्यातील माती मात्र तीन वर्षांत पुन्हा उकरावी लागलेली नाही.